चार धाग्यांची रांग

१४ मे १९९६. वर्षाचा गहू एरंडेल चोळून डब्यात भरायचा होता आणि त्यासाठी मी एक दिवसाची रजा टाकली होती. सकाळी आठलाच बारामतीच्या त्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर सतरंजी अंथरली, गहू पसरला, चाळला आणि तेलाची वाटी घेऊन बसले. माझा गहू तीस किलो. शेजारी घरमालकीणबाईंचा पाच पोती. त्या आपला गहू निवडता निवडता माझ्या ढिगाकडं बघत होत्या.

"ताई, एवढ्यात वरीस निघतं तुमचं?"

"निघतं. थोडा उरतोही."

"उरतोबी?" त्यांनी चुकचुक केलं. मी तेल चोळत राहिले. चव्वेचाळीस वर्षांच्या एकट्या बाईला बारामतीत अशी चुकचुक आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळे. मी लग्न केलं नव्हतं. त्यामागं काही गोष्ट असणार असं लोकांना वाटायचं, पण गोष्ट अशी काही नव्हतीच.

निम्मा गहू चोळून झाला असेल, तेवढ्यात खालून मालकांची हाक आली. फोन होता. मी तेलकट हात पदराला लागणार नाहीत असे धरून खाली गेले.

फोनवर आमच्या डेअरीचे मॅनेजर होते. ते बारामतीच्या एमआयडीसीतल्या ऑफिसात बसत आणि मीही त्याच ऑफिसात, जिन्याखालच्या खोलीत.

"मॅडम, इंदापूरचं तुमचं यंत्र आज बंद पडलं. चारही खिडक्या बंद. लोक कॅन घेऊन तासभर उन्हात उभे. दूध नासलं, कॅन आपटले लोकांनी. उद्या सकाळच्या संकलनाला मी स्वतः जातोय. उद्या अडकलं, तर यंत्र जीपमध्ये टाकून आणतो आणि वह्या सुरू करतो."

"आणि मी?"

"वह्यांना प्रोग्रॅमर लागत नाही, मॅडम." ते हे रागानं म्हणाले नाहीत. त्यांच्या लेखी तो साधा हिशेब होता.

इंदापूरचं यंत्र गेलं की माझी जागा जाणार. जागा गेली की पुण्याला भावाकडं, हॉलमधल्या दिवाणावर. भाऊ वाईट नव्हता. दर पंधरवड्याला फोन करून विचारायचा, "अजून किती दिवस तिकडं?" मला तिकडंच राहायचं होतं. माझी खोली, माझा स्टोव्ह, जिन्याखालचं टेबल. चार वर्षांत हे एवढंच जमवलं होतं आणि ते मला सोडायचं नव्हतं.

गहू तसाच मालकीणबाईंच्या हवाली केला, दोन फ्लॉपी आणि एक साडी पिशवीत टाकली आणि साडेअकराची इंदापूर एसटी धरली.

आता यंत्र काय होतं ते सांगते. इंदापूरच्या संकलन केंद्रावर दूध घ्यायच्या चार खिडक्या होत्या. प्रत्येक खिडकीत एक काटा, एक फॅट मोजायचं यंत्र, एक टर्मिनल, म्हणजे पडदा आणि बटणं, आणि ते चालवणारा एक पोरगा. चारही खिडक्यांत मिळून प्रिंटर एक आणि संगणकही एकच, तोही जुना. अशा संगणकाला एका वेळी एकच काम करता येतं. त्यानं चार कामं एकदम केल्यासारखं दिसायला हवं असेल, तर प्रत्येक कामाला थोडा थोडा वेळ द्यावा लागतो. यातल्या एकेका कामाला मी धागा म्हणायचे. चार खिडक्यांचे चार धागे. प्रत्येक धाग्याला मेमरीतली चिमूटभर जागा, आपण कुठवर आलो आणि हातात कोणते आकडे होते एवढं ठेवण्यापुरती. सगळे धागे एका रांगेत. पुढचा उठतो, थोडं काम करतो, मग आपणहून "सोड" म्हणतो आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. तो गेला की त्याच्या मागचा उठतो.

यात कुणी कुणाचं काम हिसकावून घेत नाही. ज्यानं त्यानं आपलं आपण सोडायचं. मोठ्या यंत्रांत घड्याळ लावून हिसकावून घ्यायची सोय असते. आमच्या यंत्रात ती भानगड मला नको होती. कुठल्या क्षणी हिसकावलं जाईल हे माहीत नसलं, की प्रत्येक ओळ भीत भीत लिहावी लागते.

हे धागे चालवण्यासाठी मी एक छोटी भाषाच तयार केली होती. अक्षरं रोमन, शब्द मराठी. वजन, फॅट, छाप, सोड. चिठ्ठीचा नमुना किंवा दूध तपासायचे नियम बदलले, तर केंद्रावरच्या कारकुनाला स्वतः बदलता यावेत म्हणून. खालचं यंत्र मात्र, म्हणजे रांग सांभाळणारा आणि धागे उठवणारा भाग, माझ्याकडंच होतं. ते कुणी मागितलं नव्हतं आणि मीही कुणाला दाखवलं नव्हतं. दाखवणार कुणाला? ऑफिसात मी टायपिंगचं काम करते असा समज होता. पुण्याच्या एका प्राध्यापकांना मी दोनदा पत्र लिहून रांगेबद्दल शंका विचारली होती. उत्तर आलं नाही. अडलं की मी जिन्याखाली बसून स्वतःलाच मोठ्यानं समजावून सांगायचे. शिपाई एकदा दारातून डोकावून म्हणाला होता, "फोनवर हाय व्हय मॅडम?" मी हो म्हणाले.

इंदापूरला उतरले तेव्हा दीड वाजला होता. केंद्राची शेड रिकामी होती, फरशीवर पाणी मारलेलं, तरी आंबलेल्या दुधाचा वास बसलेला. कारकून एकटाच बसला होता. पस्तिशीचा, कालव्याच्या शेपटाकडं तीन एकर रान असलेला, सकाळ-संध्याकाळ केंद्र आणि मधल्या वेळात शेती करणारा माणूस. मी त्याला भाऊ म्हणायचे, तो मला मॅडम.

"जेवला का मॅडम?"

"नंतर. आधी प्रोग्रॅम छापून द्या."

प्रिंटर करकर करत चालला. कागद हातात आला आणि मी वाचायला लागले. दुसऱ्याच पानावर थांबले. मी या प्रोग्रॅममध्ये अठ्ठावीस ठिकाणी "सोड" लिहिलं होतं. समोरच्या कागदावर ते एकदाच होतं, अगदी शेवटी, चिठ्ठी छापून झाल्यावर.

"भाऊ, बाकीचे सोड कुठं गेले?"

"काढले."

"काढले म्हणजे?"

"म्हंजे काढले. दोन आठवडं झालं." तो जरा ताठ बसला. "मॅडम, पाणी निम्म्यात सोडत न्हाईत. आमच्याकडं शेपटाला पाणी येतं ते शेजपाळीनं. ह्याचं झालं की त्याचं, त्याचं झालं की त्याच्या पल्याडचं. पण ज्याच्या रानात पाणी हाय, त्याचा शेवटचा वाफा भरूस्तवर कुणी त्याचं पाणी मोडायचं न्हाय. तुमचं यंत्र तर एक वाफा भरला की सोड, सरी निम्मी भिजली की सोड. असलं कुठं पाण्याची दारं धरत्यात व्हय?"

मी संतापले होते. शांतपणे म्हणाले, "पण कशासाठी? चालत होतं की."

"चालत हुतं?" तो उठला, कपाटातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि माझ्यापुढं टाकला. "बघा. ह्ये आबांचं नाव, एक नंबरला दूध घालत्यात ते. ह्ये त्यांचं वजन. आन् ह्ये फॅट हाय तीन नंबरच्या खिडकीतल्या गाईचं. आबांच्या म्हशीला गाय केली तुमच्या यंत्रानं. आबा आठवडाभर हितं येऊन भांडत हुते, म्हशीचं दात दाखवायचं तेवढं राहिलं हुतं."

मी चिठ्ठ्या बघितल्या. एकाच चिठ्ठीत दोघांच्या ओळी. नाव एकाचं, वजन त्याचंच, फॅट दुसऱ्याचं. मी प्रत्येक ओळ छापल्यावर "सोड" घातलं होतं, म्हणून एक धागा चिठ्ठीच्या मध्यात थांबायचा आणि तेवढ्यात दुसरा धागा त्याच कागदावर आपली ओळ छापायचा.

"तुम्ही मला कळवलं का नाही?"

"कळवलं. दुधाच्या गाडीसंगं चिठ्ठी धाडली. तुमचं उत्तर आलं, कागद नीट लावत जा."

हे खरं होतं. ती चिठ्ठी मला आठवली. मी ती दोन ओळींत निकालात काढली होती, कारण केंद्रावरची माणसं कागद वाकडा लावतात अशी माझी खात्रीच होती.

चूक आधी माझी होती. मग त्याची. त्यानं सगळे "सोड" काढले, तेव्हा प्रत्येक धागा आपली चिठ्ठी पुरी होईपर्यंत यंत्र धरून बसायला लागला. एक नंबरच्या खिडकीचं पूर्ण झाल्यावर दोन नंबरचं, मग तीनचं, मग चारचं. तिथं माणूस नसला तर यंत्र वाट बघत थांबणार. हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यावर त्यानं काढलेला उपाय ऐकून मी त्याच्याकडं बघतच राहिले.

"मग लोकांस्नीच वळण लावलं. चार रांगा सारख्या. एकानं कॅन ठेवला की दोन नंबरवाल्यानं ठेवायचा, मग तीन, मग चार. शेजपाळी. लोकांस्नी लगेच कळलं, सांगायबी लागलं न्हाय. दोन आठवडं चिठ्ठी एक चुकली न्हाय मॅडम."

दोन आठवडे दीडशे माणसं माझ्या प्रोग्रॅममधल्या धाग्यांसारखी रांगेत चालली होती. आणि मला बारामतीत त्याचा पत्ता नव्हता.

"मग आज काय झालं?"

"आज दोन नंबरला तात्या आले." त्यानं कपाळाला हात लावला. "फॅट कमी दिसलं. म्हणाले, परत बघ. बघितलं. म्हणाले, अजून बघ. आन् मग टर्मिनलवर हात ठिवूनच हुबं राह्यले. आता तात्यांचं समाधान झाल्याबगर पोरानं ओके कसं दाबायचं? वडीलधारा माणूस."

खिडकीतल्या माणसानं ओके दाबलं नाही. दोन नंबरचा धागा त्या एका बटणाची वाट बघत यंत्र धरून बसला. बाकीच्या तीन खिडक्यांत काटे हलत होते, पण ते वाचायला कुणाला वेळच मिळत नव्हता. तात्यांमुळं सगळं थांबलंय हे कुणालाच कळलं नाही, तात्यांना तर नाहीच. शेवटी कुणीतरी यंत्र बंद करून परत लावलं, आणि सकाळपासूनचं सगळं पुसलं गेलं.

मी कागद खाली ठेवला. जुने अठ्ठावीस "सोड" परत घातले असते, तर आबांची म्हैस परत गाय झाली असती. काढलेले तसेच ठेवले, तर उद्या तात्या परत येणारच. आणि मॅनेजर सकाळी सहाला.

"भाऊ, पाणी तुमच्या रानात आहे, पण वाफाच तयार नाही. माणूस खोऱ्या आणायला घरी गेलाय. तेव्हा काय करता?"

"तवा?" तो विचारात पडला. "तवा शेजारचा हाळी देतो. तुझं हुईस्तवर घेऊ का म्हणून. पाणी वाया घालवायचं न्हाय. पर त्यो आला की परत त्याचं त्याला."

"आणि वाफा भरत असताना?"

"तवा न्हाय. तवा कुणाचा बाप आला तरी न्हाय."

मी चार वर्षं जिन्याखाली स्वतःला समजावत होते आणि हे एवढं मला सुचलं नव्हतं. मी भीतीपोटी प्रत्येक ओळीला "सोड" लावलं होतं, म्हणजे कुणी अडून बसायला नको. पण काम चालू असताना सोडायची गरजच नव्हती. गरज होती ती वाट बघताना सोडायची. आणि ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या ध्यानात राहण्यावर सोपवायचं नव्हतं. काट्याची, बटणाची वाट बघायची वेळ आली, की खालच्या यंत्रानंच त्या धाग्याला रांगेतून बाजूला बसवायचं आणि त्याच्या खिडकीतून काही आलं की परत रांगेत घ्यायचं. प्रिंटर मात्र एकानं धरला की त्याची चिठ्ठी पुरी होईपर्यंत त्याचाच.

मी अडीच वाजता बसले आणि साडेपाचला उठले. मध्ये कारकुनानं घरून आलेला डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मी एका हातानं खाल्लं. तो मागं उभा राहून पडद्याकडं बघत होता. मला मागं कुणी उभं राहिलेलं चालत नाही. त्या दिवशी चाललं.

तपासायचं कसं, हा पुढचा प्रश्न. संध्याकाळचं संकलन त्या दिवशी शेजारच्या गावच्या केंद्रावर वळवलं होतं, त्यामुळं शेडमध्ये आम्ही दोघंच. कॅनमध्ये पाणी भरलं. एक आणि तीन नंबरला मी, दोन आणि चारला तो. मी धावत एका खिडकीतून दुसरीत. त्यानं दोन नंबरला कॅन ठेवला, टर्मिनलवर हात ठेवला आणि खाकरून आवाज बदलला.

"ए बाई, ह्ये फॅट माझं न्हाय. परत बघ. आमी काय पाणी घालतो व्हय दुधात?"

"तात्या, कॅनमध्ये नुसतं पाणीच आहे," मी तीन नंबरहून म्हणाले.

"मग पाण्याचं फॅट नीट बघ!"

तो तिथंच अडून उभा राहिला. मी तीन नंबरचं बटण दाबलं. चिठ्ठी आली. एक नंबरचं दाबलं. चिठ्ठी आली. पळत जाऊन चार नंबरचंही दाबून आले. प्रत्येक चिठ्ठीवर ज्याचं त्याचंच. रिकाम्या शेडमध्ये आम्ही दोघं बराच वेळ भांडत राहिलो आणि मी किती दिवसांनी हसले ते मला आठवलं नाही.

मग त्यानं विचारलं, "घरी चला मॅडम. मंडळी हाईत, पोरी हाईत. हितं एकट्या कशाला राहताय?"

"नको. खोली आहे इथं." पाहुण्यांसाठी केंद्राची एक खोली होती, लोखंडी खाट आणि माठ असलेली. त्यानं अजून एकदा म्हटलं असतं, तर मी गेले असते. पण मी "नको" असं म्हणायचे की पुढं कुणी विचारायचं नाही. तो सायकलवर टांग टाकून गेला. मी खोलीत प्रोग्रॅमचा कागद परत एकदा पहिल्यापासून वाचला आणि झोपले.

सकाळी साडेपाचला माणसं यायला लागली. कारकुनानं खिडकीखिडकीपाशी जाऊन सांगितलं, "आता पाळीनं ठिवायचं न्हाय. ज्याचं आलं त्यानं ठिवा." लोकांना ते पटेना. एक नंबरचा कॅन हलेपर्यंत दोन नंबरवाला कॅन हातात धरून उभा. "ठिवा की ओ!" "त्याचं होऊ दे की." दोन आठवड्यांची सवय मोडायला अर्धा तास गेला.

सहाला मॅनेजरांची जीप आली. त्यांनी खुर्ची मागवली आणि शेडच्या मध्यात बसले. सोबत ड्रायव्हर होता आणि यंत्र गुंडाळून न्यायला जुनी ताडपत्री.

पावणेसातला तात्या आले. परत दोन नंबर. पांढरा पटका, दोन कॅन, मागं नातू. फॅटचा आकडा बघितला आणि टर्मिनलवर हात ठेवला. कारकुनानं माझ्याकडं बघितलं. मी प्रिंटरकडं बघत होते. एक नंबरची चिठ्ठी आली. मग चार नंबरची. मग तीन, परत एक, परत चार. तात्यांचा आवाज चढत होता, "काल बी हेच, आज बी हेच!" आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी कॅन रिकामे होऊन पुढं जात होते. दहा मिनिटांनी तात्यांनी आजूबाजूला बघितलं. त्यांच्यासाठी कुणी थांबलेलं नव्हतं. त्यांच्याच मागचा माणूस कंटाळून तीन नंबरला गेला होता. त्यांनी टर्मिनलवरचा हात काढला. "दाब बाबा," ते म्हणाले.

साडेआठला शेवटचा कॅन रिता झाला. मॅनेजर उठले, चिठ्ठ्यांच्या प्रती चाळल्या. आबांची चिठ्ठी त्यांनी दोनदा बघितली. म्हैस होती.

"राहू दे यंत्र," ते म्हणाले. जाता जाता थांबले. "मॅडम, बारामतीत बसून तुम्हाला इथलं काही कळत नाही."

"नाही कळत," मी म्हणाले.

"चला, जीपमध्ये जागा आहे."

माझी पिशवी भरून तयार होती. पण मी म्हणाले, तुम्ही व्हा पुढं. जीप गेली. कारकून फरशीवर पाणी मारत होता. मी पिशवीतून दुसरी फ्लॉपी काढली, जिच्यात रांग सांभाळणारा खालचा भाग होता, ती यंत्रात घातली आणि त्याला हाक मारली.

"भाऊ, हात पुसून या."

त्याला खुर्चीवर बसवलं. मी मागं उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायला लागले. धाग्याला जागा कशी देते, रांगेत कसं घेते, उठवते कसं. साडेनऊची एसटी गेली, साडेदहाची गेली. चौथ्या पानावर त्यानं पडद्यावर बोट ठेवलं.

"ह्यो बाजूला बसवलेला धागा. त्याची खिडकीच बंद पडली, वायर उंदरानं खाल्ली, तर? त्याला उठवणार कोण?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी पेन्सिल घेतली, छापलेल्या कागदाच्या समासात त्याचा प्रश्न लिहिला, आणि पाचव्या पानाकडं वळले.